बेस गिटारचा पिकअप स्वतः बसवावा की तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा?

बेस गिटारचा पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा चुंबक आणि वायरीच्या गुंडाळीचा (कॉइलचा) भाग, बदलायचे ठरवल्यावर नवशिक्या वादकाला पहिली धास्ती वाटते ती सोल्डरिंगची, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी जोडण्याची. ते आपल्याला जमेल का, की सरळ पैसे देऊन तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, असा प्रश्न पडतो. स्वतःची आणि मित्रांची वाद्ये उघडून त्यांत काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की निर्णयाची सुरुवात या प्रश्नाने करू नये. चांगला डाग (सोल्डरचा जोड) देणे एका दुपारच्या सरावाने येते आणि बिघडलेला डाग वितळवून पुन्हा देता येतो. लाकडात चुकीच्या मापाची खाच कोरली गेली, तर ती मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून आधी पाहायचे ते एवढेच, की नवा पिकअप जुन्याच्याच खाचेत, त्याच स्क्रूंच्या भोकांवर आणि त्याच जोडणीत बसतो का. तसा बसत असेल, तर हे काम घरी करण्यासारखे आहे. लाकूड कोरावे लागणार असेल किंवा सर्किट बदलावे लागणार असेल, तर ते तंत्रज्ञाकडे द्यावे.

त्याही आधी एक गोष्ट करून पाहावी. तारा जुन्या झाल्या असतील तर नव्या चढवाव्यात आणि सध्याच्या पिकअपची उंची स्क्रू ड्रायव्हरने कमीजास्त करून ऐकावे. मंद, झाकोळलेला किंवा एका तारेवर कमजोर वाटणारा आवाज बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतो, आणि मग नव्या पिकअपची गरज उरत नाही.

आकार आणि माप

पिकअपच्या नावावर विसंबून खरेदी करणे ही नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तेव्हा त्यात एकच अखंड सिंगल-कॉइल (एका कॉइलचा) पिकअप होता. आज आपण ज्याला 'पी' पिकअप म्हणतो, तो दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये आला. दोन्ही प्रिसिजनचेच, तरी एकाच्या खाचेत दुसरा बसत नाही. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन पिकअप असतात आणि रूढ रचनेत नेककडचा (मानेकडचा) पिकअप ब्रिजकडच्या (तारांच्या खालच्या आधाराकडच्या) पिकअपपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर आखूड असतो. काही गिटारांत मात्र दोन्ही एकाच लांबीचे असतात, त्यामुळे 'जॅझचा संच' एवढेच सांगून मागवलेल्या पिकअपपैकी एक खाचेत न बसण्याची शक्यता राहते. म्यूझिक मॅन कंपनीच्या १९७६ च्या स्टिंगरे बेसमुळे ओळखीचा झालेला जाड हंबकर (गुणगुण घालवणारा दोन कॉइलचा पिकअप) आणखी वेगळ्या आकाराचा आहे.

साबणाच्या वडीसारख्या दिसणाऱ्या सोपबार पिकअपबाबत तर मोजपट्टीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. ईएमजी कंपनीच्या ३५, ४० आणि ४५ या आकारांची लांबी अनुक्रमे सुमारे ८९, १०२ आणि ११४ मिलिमीटर असते, आणि इतर उत्पादकांची मापे त्यांच्याशी जुळतीलच असे नाही. जुना पिकअप खाचेतून वर काढून त्याची लांबी, रुंदी, खोली आणि स्क्रूंच्या भोकांमधील अंतर मोजावे, आणि हे चारही आकडे उत्पादकाने दिलेल्या आकृतीशी ताडून पाहिल्यानंतरच पैसे द्यावेत. बाहेरच्या तारांमधील अंतरही मोजावे. पिकअपच्या पोल पीसपासून (तारेखालच्या चुंबकी खुंटीपासून) तार बाजूला सरकलेली असेल, तर त्या तारेचा आवाज इतरांपेक्षा दबलेला येऊ शकतो.

तंत्रज्ञाकडे केव्हा जावे

खाच मोठी करावी लागणार असेल, तर जावेच. राउटर हे यंत्र क्षणात नको तेवढे लाकूड खाते, आणि रंगाचा थर कडेने उडाला की ती कड लपत नाही. गिटार जुनी आणि संग्राह्य असेल, तरीही जावे, किंबहुना तिथे पिकअप बदलण्याचाच पुनर्विचार करावा. अशा वाद्यांत कारखान्यातून आलेले मूळ डाग अबाधित असण्यालाही मोल असते. तिसरी स्थिती सर्किट बदलण्याची: निष्क्रिय (बॅटरीविना चालणारा) पिकअप काढून सक्रिय (बॅटरीवर चालणारा) बसवणे, नवा प्रीअँप (गिटारमधले संकेत वाढवणारे सर्किट) घालणे, एकसर (एकामागोमाग एक) व समांतर जोडणी बदलणारा स्विच लावणे. सक्रिय पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी लागते, तिच्यासाठी जागा लागते आणि प्लग काढल्यावर बॅटरीचा प्रवाह तुटावा म्हणून स्टिरिओ जॅक (केबल खोचण्याची जागा) लागतो. ईएमजीच्या सक्रिय पिकअपसोबत २५ किलोओहमचे पॉट (आवाज किंवा टोन कमीजास्त करण्याचे फिरते नियंत्रण) वापरतात, तर नेहमीच्या निष्क्रिय सिंगल-कॉइल पिकअपला २५० किलोओहमचे. ही दोन कुटुंबे विचार न करता एकत्र केली, आणि निष्क्रिय पिकअप २५ किलोओहमच्या पॉटवर जोडला, तर आवाजातील तीव्र स्वर गिळले जातात. असे संपूर्ण सर्किट मूळ उत्पादकाच्या तयार कनेक्टरांसह मिळाले, तर सोल्डर न करताही बसवता येते. तरीही पहिलेच काम म्हणून मी ते सुचवणार नाही.

तंत्रज्ञाला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते काम देण्याआधी विचारावेत. मजुरी कामावर ठरते की तासावर? तिच्यात तारा पुन्हा चढवणे, पिकअपची उंची लावणे आणि स्वरशुद्धी तपासणे धरले आहे का, की ते वेगळे? बाहेरून आणलेला पिकअप बसवून मिळतो का, आणि पुढे त्यात दोष निघाला तर पुन्हा उघडण्याची मजुरी कोण देणार? जुना पिकअप आणि काढलेले सुटे भाग परत मिळतील का? ज्या तंत्रज्ञाला हे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही आणि जो वाद्य पाहण्याआधी ठाम आकडा सांगत नाही, त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

खर्चाचा हिशेब करताना केवळ मजुरी आणि शून्य यांची तुलना करू नये. चांगले सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि बारीकसारीक साहित्य विकत घ्यावे लागणार असेल, तर एका पिकअपपुरते स्वतः काम करून फारशी बचत होत नाही. पुढे सैल झालेला जॅक, खरखरणारा पॉट, तुटलेली केबल ही कामेही तुम्ही हाती घेणार असाल, तर मात्र तीच साधने वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. मला स्वतःला या कामाचा सर्वांत मोठा लाभ पैशांत झाला नाही. आपल्या वाद्यात आवाज कोणत्या वाटेने जातो हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की नंतरची प्रत्येक खरखर ओळखीची वाटू लागते.

साहित्य

तापमान ठरवता येणारे, ४० ते ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि छिन्नीसारखे चपटे टोक घ्यावे. अगदी बारीक, कमी शक्तीच्या आयर्नने पॉटच्या पाठीवर डाग बसत नाही, कारण तो धातूचा तुकडा उष्णता शोषून घेतो. मग माणूस आयर्न दाबून धरत राहतो आणि पॉट आतून खराब होतो. सोल्डर राळेचा गाभा असलेले, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे घ्यावे. नळकामासाठी मिळणारे आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ) येथे कधीही वापरू नये, कारण ते जोड गंजवते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते, म्हणून ते शिकणाऱ्याला सोपे जाते. शिसेविरहित सोल्डरला साधारण २२० अंश लागतात आणि त्याचा डाग थोडा निस्तेज दिसतो, तरी तो चांगला असू शकतो. शिसे असलेले सोल्डर वापरल्यास काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि कोणतेही सोल्डर असो, धूर श्वासात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

याशिवाय जुने सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, वायर सोलण्याचे साधन, मल्टिमीटर, योग्य मापाचे स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, उष्णतेने आकसणारी नळी आणि जाड सुती कापड हवे. कापडाला गौण समजू नये: वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब रंगावर पडला, तर उरलेला डाग गिटारवर कायमचा राहतो.

प्रत्यक्ष काम

गिटार हातात घेण्यापूर्वी टाकाऊ वायरींच्या तुकड्यांवर आणि शक्य असल्यास जुन्या पॉटवर वीस-पंचवीस डाग देऊन पाहावेत. आयर्नचे टोक ओल्या स्पंजावर पुसून त्याला सोल्डरचा पातळ थर द्यावा, त्या टोकाने जोडायचे दोन्ही भाग तापवावेत आणि सोल्डर आयर्नला न लावता तापलेल्या भागाला लावावे. ते पाण्यासारखे पसरले तर डाग पक्का. मण्यासारखा गोळा होऊन वर बसले तर तो थंड डाग आहे, आणि तो आज आवाज देईल पण महिन्याभराने खरखरेल. टोकाचे तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवावे आणि एका डागाला तीन-चार सेकंदांहून अधिक वेळ लागू देऊ नये. सगळे डाग सलग स्वच्छ येऊ लागेपर्यंत गिटार उघडू नये.

नवा पिकअप पेटीतून काढल्याबरोबर मल्टिमीटरने मोजावा. रूढ प्रिसिजन पिकअपचा रोध १० ते ११ किलोओहमच्या आसपास, तर जॅझ बेसच्या एकेका पिकअपचा ७ ते ८ किलोओहमच्या आसपास असतो. उत्पादकाच्या कागदावरील आकड्याशी तो ढोबळमानाने जुळला पाहिजे. मीटरने अनंत रोध दाखवला, तर कॉइल तुटलेली आहे. पिकअप तसाच परत करावा. बसवल्यानंतर हा दोष सापडला, तर तो मुळातला की आपल्या हातून झालेला, हे सिद्ध करणे अवघड जाते. पिकअप हाताळताना उघड्या कॉइलला बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर लागू देऊ नये. तिच्यातील वायर साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि एका ओरखड्याने तुटते.

आता केबल काढून, गिटार कापडावर ठेवून तारा हळूहळू सैल कराव्यात. जॅझ बेसमध्ये तारा सैल करून बाजूला सारल्या तरी पिकअप निघतो. प्रिसिजनमध्ये पॉट पिकगार्डखाली असल्याने तारा पूर्ण काढणे सोयीचे. पिकगार्ड (वरचे प्लास्टिकचे झाकण) किंवा नियंत्रण पट्टी (बटणांची धातूची पट्टी) उघडली, की कशालाही हात लावण्यापूर्वी आतल्या जोडणीची तीन-चार बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती वायर कोणत्या पॉटच्या कोणत्या पायाला जाते, याची कागदावर स्वतःच्या हाताने आकृती काढावी. छायाचित्र पुरेसे वाटते, पण एकावर एक आलेल्या वायरी त्यात ओळखू येत नाहीत. आकृती काढताना मात्र प्रत्येक वायरीचा शोध घ्यावाच लागतो.

जुन्या पिकअपच्या साधारणपणे दोन वायरी असतात: एक आवाजाची, जी व्हॉल्यूम पॉटच्या पायाला जाते, आणि दुसरी अर्थची (ग्राउंडची), जी बहुधा पॉटच्या पाठीवर लावलेली असते. या दोन्हींचे डाग वितळवून वायरी सोडवाव्यात. कापू नयेत, कारण जुना पिकअप उद्या परत बसवावासा वाटेल. वायर लाकडातील बोगद्यातून ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा. पिकअप बाहेर आल्यावर दोरा बोगद्यात राहतो आणि त्यालाच नव्या पिकअपची वायर बांधून सहज आत घेता येते. या दोऱ्याने वाचवलेला वेळ पुढच्या सगळ्या कामापेक्षा जास्त असू शकतो. पिकअपखालचा स्पंज चेपून निर्जीव झाला असेल तर नवा घालावा, कारण पिकअपला वर ढकलून धरण्याचे काम तोच करतो. स्क्रूचे भोक सैल झाले असेल, तर लाकडी काडीचा तुकडा गोंद लावून त्यात बसवावा आणि गोंद वाळल्यावर स्क्रू फिरवावा.

नव्या पिकअपच्या वायरींचे रंग पाहून अंदाज बांधू नये. चार वायरींच्या हंबकरमध्ये सेमूर डंकन ही पिकअप बनवणारी कंपनी काळी वायर आवाजाची आणि हिरवी अर्थची ठेवते, तर लाल व पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपमध्येही हिरवी अर्थचीच असते, पण आवाजाची लाल असते, आणि एकमेकींना जोडायच्या वायरी काळी व पांढरी. म्हणजे एकीकडे जी काळी वायर थेट पॉटला जाते, ती दुसरीकडे पॉटपर्यंत जातच नाही. उत्पादकाची आकृती समोर ठेवूनच काम करावे. दोन तुकड्यांच्या प्रिसिजन पिकअपमध्ये तुकड्यांना जोडणारी वायर कारखान्यातूनच लावलेली असेल, तर तिला हात लावू नये. दोन्ही कॉइल एकसर जोडलेल्या असून त्यांची गुंडाळण व चुंबकांची दिशा परस्परांच्या उलट असते, आणि त्यामुळेच विजेची गुणगुण एकमेकींत विरते.

वायर पॉटला लावण्यापूर्वी तिचे टोक सोलून त्यावर सोल्डरचा थर चढवावा. आकसणारी नळी वापरायची असल्यास ती आधीच वायरीवर सरकवून ठेवावी. आवाजाची वायर जुन्या वायरीच्याच पायाला लावावी. अर्थच्या वायरीसाठी पॉटच्या पाठीवर आधीचा सोल्डरचा गोळा असतोच; तोच वितळवून त्यात टोक बुडवावे आणि गोळा गोठेपर्यंत वायर स्थिर धरावी. तिथेच ब्रिजकडून येणारी एक एकटी वायरही जोडलेली दिसेल. ती चुकून सुटली, तर तारांना हात लावल्यावर कमी होणारी गुणगुण कमी होणे थांबते, म्हणून काम संपल्यावर ती हलकेच ओढून पाहावी. लांब उरलेली वायर कापण्याची घाई करू नये. ती गुंडाळून टेपने बांधून ठेवली, तर पुढे पिकअप दुसऱ्या गिटारमध्येही वापरता येतो.

बंद करण्यापूर्वीची तपासणी

झाकण लावण्यापूर्वी केबल जॅकमध्ये घालावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, म्हणजे अग्र आणि दांडा यांच्यामध्ये, मल्टिमीटर लावावा. सर्व नियंत्रणे पूर्ण उघडी ठेवावीत. निष्क्रिय प्रिसिजनमध्ये साधारण १० किलोओहमचा आकडा अपेक्षित आहे. तो पिकअपच्या स्वतःच्या रोधापेक्षा किंचित कमी येतो, कारण २५० किलोओहमचा पॉट त्याला समांतर असतो. थेट २५० किलोओहमच्या आसपासचा आकडा आला, तर मीटरला केवळ पॉट दिसतो आहे आणि पिकअप जोडलेलाच नाही. शून्य आले, तर आवाजाची वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप समांतर असल्यामुळे आकडा साधारण साडेतीन ते चार किलोओहम येतो, आणि तो सातच्या आसपास आला, तर दोघांपैकी एक मूक आहे असे समजावे.

त्यानंतर अँपला जोडून, आवाज अगदी कमी ठेवून, प्रत्येक पोल पीसला स्क्रू ड्रायव्हरने हलके टिचकावे. टकटक ऐकू आली पाहिजे. दोन पिकअप असतील आणि दोन्ही उघडल्यावर आवाज भरदार होण्याऐवजी पोकळ व बारीक होत असेल, तर ते परस्परांच्या उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे त्यांचे संकेत एकमेकांना काटतात. वेगवेगळ्या उत्पादकांचे पिकअप एकत्र केल्यास असे होऊ शकते, म्हणून जॅझ बेससाठी मी संचच घ्यायला सांगतो. उपाय सोपा आहे: एकाच पिकअपच्या आवाजाच्या आणि अर्थच्या वायरींची अदलाबदल करावी. मात्र पिकअपवर धातूचे आवरण असेल किंवा वायरीभोवतीची जाळी अर्थ म्हणून वापरलेली असेल, तर अशी अदलाबदल केल्यास आवरणच आवाजाच्या वाटेवर येते आणि गुणगुण वाढते. ते आवरण आधी वेगळे करावे लागते, आणि हे काम तंत्रज्ञाने करावे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर आवाजाची आणि अर्थची वायर कुठेतरी उलट लागली आहे, बहुधा जॅकवर.

उंची

तारा चढवून, सुरात लावून गिटार थोडा वेळ तशीच राहू द्यावी, कारण ताण सुटून परत आल्यावर नेक आपल्या जागी यायला वेळ लागतो. मग दोन्ही बाहेरच्या तारा शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबून तार आणि पोल पीस यांतील अंतर मोजावे. जाड तारेकडे सुमारे ३ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे सुमारे २ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. पिकअप फार जवळ आणला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतो, वरच्या पडद्यांवर स्वर डळमळतो आणि तारेचा नाद लवकर विझतो. दर वेळी पाव वळसा फिरवून चारही तारा सारख्या जोराने वाजवाव्यात आणि त्या एकमेकींशी समतोल वाटू लागल्या की थांबावे.

काम मध्येच अडले, पॉटचा पाय तुटला, किंवा तीन वेळा तपासूनही आकडा जुळत नसेल, तर चौथ्यांदा आयर्न तापवू नये. सर्व स्क्रू आणि सुटे भाग एका पिशवीत घालावेत, सोबत स्वतः काढलेली आकृती आणि उत्पादकाचा कागद ठेवावा, आणि काय केले व कुठे थांबलो हे तंत्रज्ञाला जसेच्या तसे सांगावे. नीट उघडलेली गिटार आणि ती आकृती हाती आली, तर त्याचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. काम सुरळीत झाले असेल, तर त्याच पिशवीत जुना पिकअप त्याच्या स्क्रूंसह आणि आकृतीसह ठेवून तिच्यावर गिटारचे नाव लिहावे.